न सांगायचं नाव

अंगावरून जायला लागून महिना होत आला होता आणि मला एका जागी बसवत नव्हतं. उठलं की चादर बघायची, चाललं की साडी. कराडच्या त्या दोन खोल्यांत मी नुसत्या येरझारा घालायची. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, थांबलं नाही तर पिशवी काढावी लागेल. मला अजून मूल नव्हतं.

सासूबाई माणदेशातल्या, मेंढरांमागं वाढलेल्या. बायकांच्या दुखण्याला त्यांच्या हाताचा गुण येतो म्हणून चार गावच्या बाया यायच्या. रोज पहाटे कुणाशी न बोलता त्या बाहेर जायच्या, पदराआड कसलंसं मूळ आणायच्या आणि तांदळाच्या धुवणात उगाळून मला द्यायच्या. कसलं, हे विचारायची सोय नव्हती. नाव तोंडातून गेलं की हातचा गुण जातो, कायमचा. त्यांच्या आईनंही त्यांना नुसतं बोटानं दाखवलं होतं. मला या सगळ्याची चीड यायची, आणि वाटी मात्र मी तळ दिसेपर्यंत प्यायची.

एका सकाळी मी चक्कर येऊन पडले. दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरी काय घेतलंय? ते कळल्याशिवाय मी गोळी देणार नाही."

मी सासूबाईंकडं पाहिलं. त्यांनी तोंडाला पदर लावला. बाहेर पुढच्या पेशंटची कुजबुज चालली होती.

"आवं आत्या, बोला की!" मी ओरडलेच.

त्यांनी पदर काढला. "काटेमाठाचं मूळ."

काटेमाठ! आमच्या मागच्या दारी गटारीकडेला माजलेला, मी रोज तुडवत होते तो. मला हसू आलं आणि लगेच रडू. बाईंनी गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी थांबलं की मुळानं, कोण सांगणार? पण थांबलं.

रिक्षात मी विचारलं, "आत्या, आता तुमचा गुण?"

"गेला तर गेला. तू हायस न्हवं?"

अजूनही गावाकडून बाया येतात. सासूबाई त्यांना चहा पाजतात, दवाखान्याचा रस्ता सांगतात आणि म्हणतात, "माज्या हाताला आता गुण न्हाई गं." मला ते ऐकवत नाही. मी उठून मागच्या दारी जाते. तिथला काटेमाठ मी उपटत नाही, आणि सासूबाई त्याच्याकडं बघत नाहीत.