काडेपेट्यांची पलटण

मी नोकरी करत होते ती जागा आईला शेवटपर्यंत नीट कळली नाही. खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही कळली नव्हती. पुण्यातल्या विद्यापीठात आंतरराष्ट्रीय सुरक्षा आणि विज्ञान धोरण अशा भल्यामोठ्या नावाचं एक संशोधन केंद्र होतं. नाव एवढं मोठं आणि खोल्या तीन! कोणत्या देशाकडं कसली विमानं आहेत, अणुभट्ट्या कोण बांधतंय, सरकारनं शास्त्रज्ञांचं कुठवर ऐकावं, यावर तिथं दिवसभर वाद चालायचे. मी संशोधन सहायक. म्हणजे वर्तमानपत्रांची कात्रणं काढायची, टिपणं टाइप करायची, आणि सगळ्यांत बाई एकटी म्हणून चहाचंही बघायचं. त्या चहाचा राग मला अजून येतो.

घर आमचं वेल्ह्याला, तोरण्याच्या पायथ्याशी. वडील लवकर गेले. आई लग्नकार्यात स्वयंपाकाला जायची आणि तिच्या हाताला चव होती, त्यामुळे भोर, आंबवड्यापर्यंतची बोलावणी यायची. शनिवारी मी एसटीनं घरी गेले की ती विचारायची, "त्या हापिसात तू करतीस तरी काय गं?"

"लढाया होऊ नयेत म्हणून अभ्यास करतो आम्ही," मी म्हणायचे.

धाकटा भाऊ रजेवर असला की या वाक्याला खो खो हसायचा. तो पलटणीत होता. "म्हंजे आमची भाकरी बंद करणार व्हय तुमी? आक्के, साहेबाला सांग, जरा दमानं घ्या म्हणावं. मला अजून नाईक व्हयाचंय." मग माझी वेणी ओढायचा. तीस वर्षांची झाले असते तरी त्यानं ओढलीच असती. मी चिडून त्याच्या पाठीत धपाटा घालायचे. त्या रुंद पाठीवर हात आपटल्याचा आवाज मला अजून हवा आहे. बाकी काही नाही, तेवढाच.

तो तिकडं काश्मीरात, पूंछला होता. आईला सबंध उत्तरेतलं तेवढं एकच नाव ठाऊक. तो रजा संपवून निघाला की "कुठं" असा शब्द घरात कुणी काढायचा नाही, आणि एसटी दिसेनाशी झाली तरी दिवे लागेपर्यंत केर काढायचा नाही, असा तिचा दंडक. मी विद्यापीठात शिकलेली, पण त्या दिवशी झाडूला हात लावायची माझीही छाती नव्हती.

सत्तर सालच्या थंडीत आमच्या संचालकांनी, म्हणजे सरांनी, एक नवीनच टूम काढली. परदेशातल्या विद्यापीठांत म्हणे असे खेळ खेळत. माणसांनी देश व्हायचं, चिठ्ठ्या पाठवायच्या, खोटी लढाई लढायची आणि मग ती कुठं टाळता आली असती ते शोधायचं. पुण्यात फोन नि पाहुणे स्वस्थता देणार नाहीत म्हणून भोरजवळ, धरणाच्या बाजूचा एक बंगला घेतला. सर झाले भारत. राज्यशास्त्राचे एक लठ्ठ, हसरे प्राध्यापक झाले पाकिस्तान. लष्करातून निवृत्त झालेले एक मेजरसाहेब पंच. मी नोंदी करणार. जमिनीवर मोठा नकाशा अंथरला होता आणि पलटणी म्हणून त्यावर काडेपेट्या उभ्या केल्या होत्या.

सगळं जमलं, पण ठरलेला आचारी ऐनवेळी आलाच नाही. मी म्हटलं, आईला बोलावते. ती नसरापूरला गाडी बदलून, डोक्यावर पिठाचं गाठोडं घेऊन हजर झाली. आल्या आल्या बंगल्याच्या मागं चूल मांडली आणि मला म्हणाली, "किती दुबळं हायत गं तुजं साहेब लोक. खात न्हाईत का काय?" पाकिस्तान तिनं तोवर पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी खेळ ऐन रंगात आला होता. इंग्रजीतनं नुसती धुमश्चक्री. जेवायला हाक मारायला म्हणून आई दारात येऊन उभी राहिली, तेव्हाच मेजरसाहेब नकाशावर वाकले. एक काडेपेटी उचलून त्यांनी खिशात टाकली आणि मला मराठीत म्हणाले, "लिहा बाई. पूंछ गेलं. ही पलटण संपली."

मागं काहीतरी मटकन बसल्याचा आवाज झाला. बघते तर आई उंबऱ्यावर. चेहरा पांढराफटक. "कवा?" ती म्हणाली. "कवा गेलं? आन् मला कुणी सांगितलं न्हाई?"

मी तिच्याजवळ बसून तिला समजावलं की हे खोटं आहे, खेळ आहे, त्याचं परवाच पत्र आलंय ना, विसरलीस का. तिला श्वास यायला वेळ लागला. श्वास आला आणि पाठोपाठ राग आला. आईचा राग ज्यानं बघितलाय त्यालाच माहीत.

"खेळ?" ती उठली. "माज्या लेकाचा खेळ मांडलाय व्हय तुमी? शिकलेली मानसं तुमी, लाज न्हाई वाटत?"

"अहो बाई, नुसता खेळ आहे," मेजरसाहेब म्हणाले.

"खेळ हाय तर मग काडा ती पेटी खिशातनं. ठिवा परत. खेळात काय जातंय तुमचं?"

आईनं पदर खोचला. "भांडान शिल्लक ठिवून म्या कुनाला वाडत न्हाई. आदी मिटवा, मग पानं."

तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडं भावकीतला तंटा मिटवायचा तर दोघांना पाटावर समोरासमोर बसवतात, एकमेकांच्या तोंडात गूळ घालायला लावतात, आणि मगच पंगत वाढतात. आईनं जन्मभर अशा पंगती वाढलेल्या. तिच्या लेखी हे दोन साहेब म्हणजे बांधावरून जुंपलेले दोन चुलतभाऊच होते.

पिठल्याचा वास साऱ्या बंगल्यात भरला होता आणि सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. पाकिस्तान आधी विरघळला. सरांनी माझ्याकडं बघितलं, मी मान खाली घातली. शेवटी दोघं मांडी घालून समोरासमोर बसले. आईनं गुळाचा खडा फोडून दोघांच्या हातात दिला. त्यांनी हसत हसत एकमेकांच्या तोंडात घातला. मेजरसाहेबांनी काडेपेटी काढून पूंछवर ठेवली, ती आडवी पडली.

"अशी न्हाई," आई म्हणाली. "उबी ठिवा."

त्यांनी उभी ठेवली. मग तिनं वाढलं, आग्रह करकरून वाढलं. सर नंतर अहवालात काय लिहावं या विवंचनेत होते. पुढं भाऊ रजेवर आला तेव्हा मी त्याला हे सगळं साभिनय करून दाखवलं. तो गडाबडा लोळला. "आयेनं पूंछ सोडवलं की गं! सुभेदार मेजर करा तिला!" आई लटकं रागावून म्हणाली, "हसा. पर मिटलं का न्हाई?"

पुढच्याच हिवाळ्यात लढाई खरी लागली. मी रेडिओला कान लावून बसलेली असायचे. पूंछवर हल्ला झाला. पूंछ टिकलं. ते ऐकून आईचा जीव भांड्यात पडला, तिनं शेजारीपाजारी गूळ वाटला. गूळ वाटून झाला आणि तार आली. भाऊ बेपत्ता होता. गाव जागेवर राहिलं, आमचा तेवढा गेला.

आई रडली नाही. बेपत्ता म्हणजे धरून नेलाय, एवढाच अर्थ तिनं घेतला. मला म्हणाली, "तुज्या त्या दोगांनाबी जेवाया बोलव. खरोखरचं भांडान हाय आता. एकदा मिटवलं हुतं, पुन्यांदा मिटवतील."

मी तिला काय सांगणार? सरांना सांगितलं. वाटलं, टाळतील. ते पुढच्या रविवारी एसटीनं, नवीन सदरा घालून, आले. आईनं दोन पाट समोरासमोर मांडले होते, मध्ये वाटीत गूळ. सर एकावर बसले. आई दाराकडं बघत राहिली.

"दुसरं साहेब?"

"ते अमेरिकेला गेलेत," सर म्हणाले. "तिथल्या विद्यापीठात. आमच्यासारखंच केंद्र आहे."

"मग एकल्यानं कसं मिटायचं?" आई म्हणाली. रागानं नाही, अगदी साधं विचारलं तिनं. एवढी पुस्तकं लिहिलेले सर गुळाची वाटी हातात धरून समोरच्या मोकळ्या पाटाकडं बघत बसले.

मग मीच जाऊन त्या पाटावर बसले. सरांनी माझ्या तोंडात गूळ घातला, मी त्यांच्या. आई आमच्याकडं लक्ष देऊन बघत होती.

"झालं," ती म्हणाली. "आता सोडतील त्याला." आणि वाढायला उठली.

पुढं युद्धकैदी सुटून आले. त्यांत तो नव्हता. आई आणखी बरीच वर्षं होती. संध्याकाळच्या एसटीची वेळ झाली की हातातलं काम टाकून दारात यायची. मी घरी असले तर मीही यायचे. गाडी रिकामी होऊन निघून गेली तरी ती दिवे लागेपर्यंत केर काढू द्यायची नाही.

केंद्रात मी पुढं पुष्कळ वर्षं काढली, टाइप करता करता स्वतःचे लेखही लिहिले, आणि चहा करणं बंद केलं. कुठल्याही नकाशापुढं उभी राहिले की माझं बोट आपोआप वर, त्या एका गावाकडं जायचं. फार वाटायचं, कुणीतरी खिशात हात घालावा, ती पेटी काढावी आणि उभी ठेवावी. खेळात तरी ठेवावी. अजून वाटतं.