कमानीखाली कोण उभं ऱ्हायलं

आमच्या कादरभाईला कुनी इंजिनेर म्हनलं न्हाई. मिस्त्रीच म्हनले शेवटापतूर. पन नेवाशाच्या अंगाला ओढ्यांवरून पाटाचं पानी न्हेनाऱ्या सात कमानी त्याच्या हातच्या हायेत. माझा मालक छगन त्याचा जोडीदार. कादरभाई दगड घडवायचा, ह्यो बसवायचा.

त्यांच्यात एक रीत हुती. बांधताना कमान ज्या लाकडी सांगाड्यावर पेलल्याली असती, त्ये कालबूत. काम झालं की त्ये काढायचं, आन त्ये निघताना मिस्त्रीनं सोता कमानीखाली उभं ऱ्हायाचं. पडली तर पयली त्याच्याच टकुऱ्यात! साती येळंला कादरभाई पान चघळत उभा ऱ्हायला, आन भाईर येऊन छगनला म्हनला, "चल रं, च्या पाज."

आठवी कमान चव्वेचाळीस सालची. लढाईमुळं सिमीट मिळंना, म्हनून समदं काम चुन्यात. चुना धरायला दोन म्हैने तरी द्यावं लागत्यात. पन पुन्याहून शिकून आल्याला नवा साहेब, कागदावर लई हुशार! मोठा साहेब बघायला येनार, म्हनून ह्यानं एकविसाव्या दिशीच कालबूत काढायचा हुकूम सोडला. कादरभाईनं सांध्यात नख खुपसून दावलं. "साहेब, चुना अजून वला हाय. आनखी चाळीस दिस थांबा."

"मला शिकवतोस?" साहेब म्हनला.

"मग मी खाली उभा ऱ्हानार न्हाई," असं तोंडावर सांगून कादरभाई घरला निघाला. वाटंत माझ्या दारात थांबला. "वहिनी, उद्या छगनला धाडू नका. कमान खाली बसंल."

मी सांगितलं की! पन आमचा मालक ऐकतोय व्हय? म्हनला, "मिस्त्री खाली दिसला न्हाई, तर कादरचं काम कच्चं म्हनून गावभर बोंब हुईल. त्याच्या नावानं मी उभा ऱ्हातो." मैतराच्या अब्रूपायी गेला येडा. दगडाखालनं काढला तवा वळखू यीना.

चौकशी बसली. चुना मिस्त्रीनंच कच्चा केला, असं साहेबानं बेधडक सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समद्यांम्होरं उठले आन म्हनलं, "खोटं हाय ह्ये! कमान बसंल म्हनून कादरभाईनं आदल्या दिशीच माझ्या दारात येऊन सांगितलंतं."

मला वाटलं, वाचिवला मी त्याला.

चौकशीचा साहेब म्हनला, "म्हणजे मिस्त्रीला ठाऊक होतं. म्हणून तो स्वतः राहिला बाजूला आणि दुसऱ्याला मरू दिलं." तेवढंच लिवून घेतलं. मी वरडले, "हुकूम कुनाचा हुता, त्येबी लिवा की!" तर म्हनला, "बाई, विचारलं तेवढंच सांगा."

कादरभाईचं काम गेलं. साऱ्या जिल्ह्यात कुनी त्याला वीट लावू दीना. त्याच्या बायकूनं, मलिकानं, माझं तोंड बघायचं सोडलं. सोडंल न्हाई तर काय! त्या पुन्याच्या साहेबाला बढती मिळाली. त्याच वढ्यावर नवी कमान झाली, तिच्यावर त्याच्या नावाचा दगड हाय. जळ्ळं मेलं त्याचं नाव!

दोन वर्सांनी कळलं, कादरभाई जामखेडच्या रस्त्यावर खडी फोडतोय. मी गेले, पाय धरले. म्हनलं, "भाऊ, माझ्या तोंडानं तुमचं वाटुळं झालं."

"तुमी खरंच बोललात, वहिनी," त्यो म्हनला. "मीबी खरंच बोललो हुतो. पन मी उभा ऱ्हायलो असतो, तर छगन घरला आला असता."

न्हाई म्हनायला मी तोंड उघडलं. पन माझ्याच्यानं न्हाई म्हनवलं न्हाई.