सर्व्हरअण्णा आणि हुरड्याच्या दोन गाड्या

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही. देवासमोर हात जोडून उभी राहते तेव्हासुद्धा हा विषय पायानं हळूच बाजूला सारते — जणू त्यालाही कळता कामा नये. मग तुम्हांलाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा ओळखत असालही, पण माझ्या नावानं नाही. सर्व्हरअण्णाच्या नावानं.

हो. सर्व्हरअण्णा म्हणजे मी. सोलापुरातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणारी, चष्मा लावणारी, दुपारी डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाणारी बाई. इंटरनेटवरच्या माझ्या विनोदी पेजवर मात्र मी धोतर नेसलेला म्हातारा आहे, हॉटेलात बसून मोबाइल कंपन्यांच्या बातम्या वाचतो आणि चहा गार होईस्तोवर त्यांची सालं काढतो. एका कंपनीनं माणसं काढली आणि पत्रात लिहिलं की तुम्ही आमचं कुटुंबच आहात, तेव्हा अण्णा म्हणाला, "कुटुंबातनं भायेर काढतायसा तर वाटणी तरी द्या की!" फोन स्वतःहून बदलला आणि 'तुमचा अनुभव सुधारला आहे' असं म्हणाला, तेव्हा अण्णा म्हणाला, "आमचा अनुभव आमी सुधारू, तुमी बटन जितं हुतं तितं ठेवा." लोक हसायचे. पुण्यातले, बंगळूरातले, परदेशातले. मला लई भारी वाटायचं. खोटं कशाला बोलू?

अण्णा कोण हे फक्त एका माणसाला ठाऊक होतं — शिवलीलाला. आम्ही पाचवीपासून एका बाकावरच्या. तिचं घर अक्कलकोटकडचं. मराठी बोलता बोलता राग आला की ती कानडीत शिरते, आणि कानडीत शिरली की समोरच्यानं गप बसायचं असतं. एका अ‍ॅपवाल्या कंपनीनं सोलापुरात ऑफिस काढलं होतं, गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायचं. छोट्या गावातल्या मुलांना संधी वगैरे देणारं. तिथली माणसं भरायचं काम शिवलीलाकडे. तिनं केमपासून, माळशिरसपासून पोरं-पोरी गोळा केली, त्यांना खोल्या शोधून दिल्या, कुणाला पहिल्या मुलाखतीसाठी भावाचा शर्ट दिला. सगळी तिला अक्का म्हणायची.

तर — हुरड्याचे दिवस होते. कंपनीनं जाहीर केलं, सगळ्यांना शेतावर हुरडा पार्टीला न्यायचं. आमच्याकडे पाहुणचाराची हौस हुरड्याइतकी कशातच फिटत नाही. आगटीभोवती बसायचं, भाजलेलं कणीस तळहातावर चोळून द्यायचं, समोरचा नको म्हणाला तरी त्याच्या पानात टाकायचं. ज्यानं हुरडा चोळून दिला त्याच्याबद्दल वाईट मनात येत नाही. कंपनीच्या साहेबांना हे कुणी शिकवलं देव जाणे, पण त्यांनी ते बरोबर हेरलं.

आदल्या दिवशी दुपारी शिवलीला माझ्या क्लासवर आली. चप्पल न काढताच आत. मुलं गेलेली होती. ती खुर्चीत बसली आणि रडायला लागली. तिनं दोन गाड्या ठरवल्या होत्या, नावांच्या याद्या वरून आल्या होत्या, आणि दोनच का, अशाच याद्या का, हे तिला त्या दिवशी सकाळी कळलं होतं. एका गाडीतली माणसं राहणार होती. दुसऱ्या गाडीतल्यांना हुरडा खाऊन झाल्यावर शेतावरच्या शेडमध्ये बसवून राजीनाम्यावर सही घ्यायची होती — स्वखुशीनं सोडतो म्हणून. लॅपटॉप 'अपडेट करायचेत' म्हणून आधीच ऑफिसात ठेवून घेणार होते.

"मी सकाळी गाडी सुटायच्या आधी पोरांना सांगणार हाय," ती म्हणाली. "माझ्या तोंडानं. सही करू नका म्हणून. त्यांना मी आणलंय गं, मीच सांगायला पायजे. तोवर तू ह्यातलं काही पेजवर टाकू नको. एवढं ऐक."

मी तिच्या हातावर हात ठेवला. नाही टाकणार, म्हणाले. ते म्हणताना ते खरं होतं. मी तुम्हांला शपथेवर सांगते — पण माझ्या शपथेची किंमत तुम्हांला थोड्याच वेळात कळेल, तेव्हा राहू दे.

ती गेली. मी फळा पुसला. फळा पुसता पुसता डोक्यात वाक्य आलं. ते आलं की मला खाज सुटल्यासारखं होतं, बसवत नाही. त्या महिन्यात अण्णा जरा मंदावला होता. दुसऱ्या एका पेजवाल्याचे विनोद जास्त फिरत होते, आणि मला त्याचा मत्सर होता. आणि इथं माझ्या गावात, माझ्या भाषेत, ताटात वाढून ठेवलेली गोष्ट. उद्या ती सगळ्यांचीच होणार. शिळ्या विनोदाला कोण हसतं?

मी कंपनीचं नाव घातलं नाही, गावाचं नाही. त्यालाच मी जबाबदारी समजले. अण्णा म्हणाला, "उद्या एक कंपनी पोरांना हुरडा खायला नेतीया. दोन गाड्या हायत. एक परत ऑफिसात यील, दुसरी थेट एस्टी स्टँडावर सोडंल. कणीस भाजायचं, चोळायचं, दाणं सायबाच्या ताटात आन् रिकामं कणीस पुन्यांदा आगटीत. ह्याला म्हनत्यात मनुष्यबळ विकास!"

संध्याकाळपर्यंत ती पोस्ट माझ्याच नवऱ्यानं मला पाठवली. वाच, म्हणाला, हसून मरशील.

शिवलीलाच्या पोरांनीही ती एकमेकांना पाठवली. हसली. आपल्यावरच आहे हे त्यांना कुठून कळणार? नाव कुठं होतं? ज्यांना कळायचं त्यांना मात्र लगेच कळलं. दोन गाड्यांचं कारण साहेबांखेरीज एकाच माणसाला माहीत होतं. सकाळी पार्टी रद्द. शिवलीलाला ऑफिसच्या फाटकावरच अडवलं, कार्ड काढून घेतलं, नोकरी संपली म्हणून सांगितलं. पोरांना आत एकेकट्याला बोलावलं, फोन बाहेर ठेवायला लावून, दार लावून. सही करू नका हे सांगणारं कुणीच नव्हतं. बहुतेकांनी केली.

बाहेर आल्यावर त्यांनी ती पोस्ट पुन्हा वाचली. एक पोरगी फाटकापाशी शिवलीलाच्या तोंडावर म्हणाली, "अक्का, तुमाला ठावं हुतं. तुमी आमाला न्हाय सांगितलं. त्या अण्णाला सांगितलं, हसाया." आणि सगळी तिच्या बाजूनं निघून गेली. ज्यांना तिनं भाकरीची वाट दाखवली होती, त्यांच्यातल्या एकानंही मागं वळून पाहिलं नाही.

तुम्हांला वाटेल, झाली कबुली. मलाही असं वाटायचं — की एवढंच सांगितलं तर चालेल. जिभेचा दोष, विनोदाची खोड, मैत्रीत केलेला दगा. माणसं हे समजून घेतात. कदाचित शिवलीलानंही घेतलं असतं.

पण अजून आहे. पुढचं लिहायला मी तीनदा बसले आणि तीनदा उठले.

त्या सकाळी फाटकावरून ती थेट माझ्याकडे येणार हे मला माहीत होतं. पोस्ट कुणी टाकली हा प्रश्नच नव्हता. बातमी कुणी दिली, एवढाच बदलता येण्यासारखा होता. माझ्याकडे वेळ होता. आणि हात होते. मी मुलांना काय शिकवते ठाऊक आहे? फोटो जुळवायला, अक्षरं बसवायला. अण्णाच्या पेजवर मीच डझनभर वेळा लिहिलंय — स्क्रीनशॉट दिसला की आधी शंका घ्या, नंतर चष्मा. मी एक स्क्रीनशॉट बनवला. पाव तास लागला असेल.

नाव घातलं नागनाथचं.

नागनाथ केमचा. ऑफिसात शिवलीलाचा मदतनीस. गाड्या ठरवायला तोच तिच्याबरोबर गेला होता, त्यामुळे गाड्या दोन आहेत हे त्याला माहीत होतं, कारण माहीत नव्हतं. तो राहणाऱ्यांच्या यादीत होता. म्हणून त्याच्यावर शंका चिकटणार हे मला कळत होतं. बघा, किती नीट विचार करत होते मी! त्याच्या नावानं अण्णाला मेसेज लिहिला: "अण्णा, आमच्या हापिसात उद्या काय हुनार हाय सांगू का? दोन गाड्या केल्यात…" वेळ घातली शिवलीला माझ्याकडे यायच्या दोन तास आधीची. भाषा शोधावी लागली नाही. नागनाथ कधीमधी तिचं काही द्यायला क्लासवर यायचा, दारात उभा राहून बोलायचा, आणि त्याची अर्धी वाक्यं मी अण्णाच्या तोंडी घालून वाहवा मिळवली होती. त्याचीच बोली होती ती. तीच त्याच्यावर उलटवली.

शिवलीला आली तेव्हा मी फोन तिच्यापुढे धरला. म्हणाले, तू यायच्या आधीच हा मेसेज आला होता, तू रडत होतीस म्हणून बोलले नाही. तो आणखी चार जणांना धाडेल असं वाटलं, पोरांना निदान सावध करावं म्हणून मी टाकलं. तिनं मेसेज वाचला. "नागनाथ?" एवढंच म्हणाली. मग मला मिठी मारली. माझ्यावर शंका घेतली म्हणून माझीच माफी मागितली तिनं. मी ती घेतली.

आणि ऐका, कंपनीला तिनं त्याचं नाव कळवलं नाही. माझी गेली ती गेली, त्याची कशाला घालवू, म्हणाली. फक्त त्याच्याशी बोलणं तोडलं. फोन उचलायचा नाही, दिसला तर रस्ता बदलायचा. तो बिचारा समजत राहिला की अक्काला तोंड दाखवायची लाज वाटतेय.

पुढं ते ऑफिसही बंद झालं. नागनाथ चिंचोळीला एका कारखान्यात लागला. शिवलीला एका शाळेच्या ऑफिसात. एका रविवारी मी तिच्याकडे चहाला बसले होते आणि तो दारात आला. नवी पॅन्ट, हातात लग्नपत्रिका, दुसऱ्या हातात कागदाच्या पुडीत अक्षता, आणि लिंबांची पिशवी.

"अक्का, पयली देवाला दिली, दुसरी तुमालाच आनली," तो म्हणाला.

अक्षता द्यायला आलेल्या माणसाला आपण उभं ठेवत नाही. हात पुढं करतो, बस म्हणतो, पाणी देतो. शिवलीलानं हात पुढं केला नाही.

"अण्णाला दिलीस का?"

"कुटल्या अण्णाला?"

"त्या पेजवाल्याला. आमच्या गाड्यांची बातमी धाडली होतीस की. मी पाहिलंय, ह्या डोळ्यांनी."

पेजवाला तिच्या शेजारी चहा पीत बसला होता. इतक्या रागातसुद्धा तिनं माझं गुपित सांभाळलं.

"आईशप्पत अक्का, म्या न्हाय धाडली. दुसरी गाडी कशापाय हाय तेबी मला ठावं नव्हतं. म्या तुमाशी असं करीन व्हय?"

"साकु," ती म्हणाली. पुरे. आणि पुढं कानडीत काहीतरी, जे मला कळलं नाही आणि त्यालाही कळलं नसावं. तिचे डोळे भरले होते. त्याचेही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. खोलीत तिसरी मीच होते ना.

"ताई, तुमी तरी सांगा की अक्काला."

काय सांगितलं असेन मी? गप्प बसले असते तरी एक वेळ — पण नाही. मी मोठेपणानं म्हणाले, "जाऊ दे रे नागनाथ. झालं ते झालं. सुखानं लग्न कर तू." माफ केलं मी त्याला! माझ्या आवाजात इतकी माया होती की शिवलीलानं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. तिच्या हातावर ठेवायला काढलेल्या अक्षता त्यानं पुन्हा पुडीत घातल्या. लिंबं पायरीवर ठेवून गेला.

आम्ही त्याच्या लग्नाला गेलो नाही. त्या लिंबांचं लोणचं घालून शिवलीलानं ते शेजारणीला देऊन टाकलं.

मध्यंतरी अण्णाच्या पेजवर एक मेसेज आला. या वेळी खराखुरा. अण्णा, नमस्कार, तुमी मला वळखत न्हाय, असं सुरू केलेला. केमचा आहे, तुमचं सगळं वाचतो, बायकोलाही वाचून दाखवतो. पुढं लिहिलं होतं: "तुमाला ती हुरड्याची बातमी कुनी दिली त्येचं नाव मला नगं. फकस्त एक करा. शिवलीला अक्काला दोन वळी लिहा की त्यो नागनाथ नव्हता. म्या सांगून ती ऐकत न्हाय. तुमचं ऐकंल."

मी सगळा वाचला, दोनदा. वाचल्याची खूण त्याला तिकडे दिसली असणार, आणि तो वाट पाहत असणार. मी त्याला ब्लॉक केलं.

त्याच संध्याकाळी एका मोठ्या कंपनीनं लोकांची माहिती विकल्याबद्दल माफीनामा काढला होता. त्यावर अण्णानं चार वाक्यं लिहिली. चांगली जमली होती. सगळ्यांत आधी शिवलीला हसली.