दोन पत्रांचा वाचक

कांपेन या डच गावातल्या आमच्या कारखान्यात आम्ही बारा जण सिगारी वळायचो आणि तेरावा हार्मेन तिबे आम्हाला वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. त्याच्या वाट्याच्या सिगारी आम्हीच वाटून वळत असू. संधिवातानं त्याची बोटं आल्याच्या गाठींसारखी झाली होती. वाचन गेलं असतं तर तो घरीच बसला असता.

एकोणीसशे नऊ साली डेव्हेंटरच्या अधिवेशनात समाजवादी पक्ष फुटला. क्रांतीसाठी आत्ताच कंबर कसायची की निवडणुका जिंकत तिथवर पोचायचं, एवढाच वाद. पण आमच्या बाकांवर सहा इकडे, सहा तिकडे झाले. मी जुन्यांतला, निवडणूकवाला; फुटून निघालेले क्रांतीवाले ते नवे. हार्मेन सकाळी जुन्यांचं पत्र वाची, दुपारी नव्यांचं.

"हार्मेनकाका," नव्यांतला तरणा लुबर्ट म्हणाला, "त्यांचा अग्रलेख घोळवून वाचता, आमच्याला मात्र शिंका!"

"तंबाखू आहे बाबा. शिंक पक्ष बघून येत नाही."

"आमच्या वेळेला हा खाकरतो," म्हातारा तेउनिस गुरगुरला. तो आमच्या बाजूचा, वयानं सर्वांत मोठा.

शेवटी दोन्ही बाजूंनी बजावलं: सोमवारपासून फक्त आमचंच पत्र, नाहीतर आमचे सहा जण तुझ्यासाठी वळणार नाहीत.

हार्मेनच्या घरी वाटाण्याचं सूप वाढता वाढता त्याची बायको आल्त्ये म्हणाली, "पण तुमचं मत काय?"

"एकोणीस वर्षं स्वल्पविराम सांभाळतोय. मत बनवायला वेळ कधी मिळाला?"

सोमवारी तो दोन्ही पत्रं घेऊन आला. कुठलं उघडावं ते ठरेना, म्हणून दोन्ही एकदम उघडली आणि त्या वाकड्या बोटांत एकाची पानं दुसऱ्यात शिरली. कुठलं पत्र ते न सांगता त्यानं वाचायला सुरुवात केली. फितूर, दगाबाज, कामगारांच्या पाठीत सुरा! आम्ही सहा जणांनी लुबर्टकडे विजयी नजरेनं पाहिलं. लुबर्टचे सहा जण तसेच आमच्याकडे पाहत होते.

वाचून झाल्यावर हार्मेननं पानं नीट पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण माणूस सरळ.

"मंडळी, चूक झाली. अर्धा लेख यांचा वाचला, अर्धा त्यांचा."

तेउनिसनं सुरी खाली ठेवली. "कुठला अर्धा आमचा?"

आम्हा बारांपैकी कुणालाच ओळखता येईना.

"काका, पुन्हा वाचा," लुबर्ट म्हणाला. "सावकाश."

हार्मेननं चष्मा पुसला. तेउनिसनं हार्मेनच्या वाट्याची तंबाखू आपल्या पुढ्यात घेतली आणि निम्मी लुबर्टपुढे सरकवली.

"वळ, फितुरा."

"वळतो की, दगाबाजा."