पाचशे गोळ्या झाडलेलं पिस्तूल

पोलिसाच्या नोकरीत विसरून जाव्यात अशा गोष्टी पुष्कळ घडतात. ही मात्र मला विसरता आली नाही.

डेट्रॉइटजवळच्या एका उपनगरात मी तेव्हा डिटेक्टिव्ह होतो. भारतीय वस्ती मोठी, आणि आमच्या खात्यात मराठी समजणारा मी एकटाच. त्या उन्हाळ्यापासून भारतीयांची घरं भरदिवसा फुटत होती. आपल्या घरांत सोनं असतं हे चोरांना पक्कं ठाऊक झालं होतं.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी रेडिओवर पत्ता आला. सहा मिनिटांत पोहोचलो. मागच्या दाराची काच फुटलेली. मोटार कंपनीतून निवृत्त झालेले अडुसष्ट वर्षांचे एक इंजिनिअर काका डावा हात छातीशी धरून स्वयंपाकघरात बसले होते. शेजारी काकू उभ्या. टेबलावर पिस्तूल.

"चोराचं सोडा," काका म्हणाले. "आधी हे बघा. दोनदा ट्रिगर ओढला, दोनदा नुसतं टक्. पाचशे राउंड फायर केलेत मी यातून. एकदाही अडलं नव्हतं."

चोराने लोखंडी सळई त्यांच्या हातावर मारली होती आणि तो पळाला होता. हाड मोडलं होतं, तरी काका रागावले होते ते पिस्तुलावर. ते त्यांनी सहा महिने लावून निवडलं होतं. नेमबाजीच्या रेंजवर जाऊन सात पिस्तुलं भाड्याने चालवून पाहिली होती. छोटी पिस्तुलं हातात उसळतात म्हणून सोडली. एकाची पकड जाड, बोट ट्रिगरवर नीट पोहोचेना. शेवटी मध्यम आकाराचं, थोडं जड असं एक पसंत केलं आणि पाचशे गोळ्या झाडून खात्री करून घेतली. सगळं वहीत लिहिलेलं. इतक्या काळजीने शस्त्र निवडणारा माणूस मी पोलिसांतही क्वचित पाहिला.

पहिल्या टक्‌नंतर काकांनी खेचून बाहेर काढलेलं, न फुटलेलं काडतूस जमिनीवर सापडलं. त्याच्या बुडावर गोळीला ठोका देणाऱ्या फायरिंग पिनचा खोल ठसा हवा होता. होता नुसता ओरखडा. मी पंचनामा केला, दोघांचे जबाब घेतले आणि पिस्तूल खात्याची शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या सहकाऱ्याकडे दिलं. त्याने दुसऱ्या दिवशी फोन केला.

"पिन झिजलेली नाही. कुणीतरी टोक घासून कमी केलंय."

मी खुर्चीत सरळ बसलो. चोरी व्हायच्या आधी घरातलं शस्त्र निकामी केलं गेलं होतं, म्हणजे टोळीचा माणूस घरात येऊन गेला होता. आणखी किती घरांत गेला असेल?

तिसऱ्या दिवशी निनावी खबर आली. त्या घरामागचा लाकडी ओटा, म्हणजे डेक, दुरुस्त करणाऱ्या सुताराने आधी फुटलेल्या दोन घरांतही काम केलं होतं. मी त्याला ठाण्यावर बोलावलं. अडीच तास चौकशी चालली. काकांनी पिस्तूल दाखवलं होतं हे त्याने लगेच कबूल केलं. तारखा विचारल्या तेव्हा गोंधळला, फोनमध्ये शोधू लागला. मी आवाज चढवला, त्याला घाम फुटला. पण माझा अनुभव असा की खोटं बोलणारा वेळ मिनिटासकट सांगतो. खऱ्या माणसाला आठवावं लागतं. घटनेच्या दुपारी तो तीस मैलांवर काम करत होता, त्याचे फोटो निघाले. जाताना म्हणाला, "आता त्या भागात मला कोण काम देईल?"

आठवडा झाला. रोज कुठल्या तरी घरातून फोन यायचा, "ऑफिसर, आम्ही सेफ आहोत ना?" मग सहकाऱ्याने मला भिंगाखाली ती पिन दाखवली.

"ही कानस नाही. बारीक चाकावर घासलंय आणि वर पॉलिश केलंय. सोनार असेल, नाहीतर दातांचं काम करणारा."

पहिल्या दिवसाचा जबाब काढला. काकूंच्या व्यवसायापुढे मीच माझ्या हाताने लिहिलं होतं: डेंटल लॅबमध्ये टेक्निशियन, तीस वर्षं.

सकाळी दहाला काकू ठाण्यावर आल्या. मी पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "काकू, पिन तुम्ही घासलीत?"

"हो. तुम्ही कधी विचारताय याचीच वाट बघत होते."

"का केलंत?"

"जुलैत यांनी घरातल्या सगळ्या किल्ल्यांना लेबलं लावली. घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर कसा बदलायचा ते लिहून ठेवलं. मला बर्फ हटवायचा स्नोब्लोअर चालवायला शिकवलं, भर उन्हाळ्यात. विचारलं, हे कशाला? म्हणाले, माहीत असावं. झोपत नव्हते, बोलत नव्हते."

"मग पिस्तूल लपवायचं."

"दुसरं आणलं असतं. मला वाटलं, टक् आवाज होईल, मग तरी बोलतील माझ्याशी." त्यांनी पेला दोन्ही हातांनी धरला. "चोर आत आला तेव्हा हे माझ्यापुढे उभे राहिले. पिस्तूल उडणार नाही हे फक्त मला माहीत होतं. सांगायला तोंड उघडलं, आवाजच निघाला नाही."

त्याच दुपारी त्यांच्यासोबत घरी गेलो. असं काही विचारायचं तर आडवळणाने विचारू नये.

"काका, स्वतःला काही करून घ्यायचा विचार होता?"

ते हातावरच्या प्लास्टरकडे बघत राहिले. "दोनदा बेसमेंटमध्ये पिस्तूल घेऊन बसलो होतो. ऑगस्टमध्ये." मग हळूच, "तिला काही कळत नाही असं वाटलं."

"पिन त्यांनी जुलैअखेर घासली होती."

काकांनी मान वर केली. "फिनिश चांगलं होतं का?"

"फार चांगलं होतं."

तेव्हा काका रडले. काकू त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. मी बाहेर अंगणात जाऊन थांबलो.

सरकारी वकिलांनी काकूंवर गुन्हा लावला नाही. टोळी पंधरा दिवसांनी शेजारच्या गावात सापडली. तिचा या घरातल्या कुणाशी काही संबंध नव्हता. काकांनी पिस्तूल नष्ट करायला आमच्याकडे दिलं आणि ते डॉक्टरकडे जाऊ लागले. नवं दार बसवायला त्यांनी त्याच सुताराला बोलावलं. मीही त्याच्या घरी जाऊन माफी मागितली.

मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत लोक मला विचारत, कुठलं पिस्तूल घेऊ? मी सांगायचो: हातात नीट बसेल ते, आणि तुम्ही ज्या गोळ्या ठेवणार त्या दरवेळी झाडेल ते. ते आजही खरं आहे. पण आता आधी विचारतो, घरातल्यांशी बोललात का? निम्मे लोक हसतात. उरलेले गप्प होतात, आणि त्यांच्याशी मी जास्त वेळ बोलतो.

केस बंद झाली त्या संध्याकाळी मी बायकोला विचारलं, "माझं सर्व्हिस पिस्तूल घरात असतं, तुला कधी भीती वाटली?"

तिने गॅस बंद केला, हात पुसले आणि समोरची खुर्ची ओढली.

"बस," ती म्हणाली. "वेळ लागेल."