पाहुण्यांच्या खोलीतलं बाळंतपण

आमच्या वस्तीतली निम्मी माणसं मावशीच्या हातून जगात आली. ती सुईण. सख्खी मावशी कोणाचीच नाही, पण हाक सगळ्यांची तीच. बाळंतपणं व्हायची पत्र्याच्या शेडमध्ये. पत्रा गळायचा, आणि मावशी बाळंतिणीवर छत्री धरून आभाळाला शिव्या हासडायची.

मग वस्तीत सेवाकार्य करणाऱ्या मिशनने प्रसूतिगृह बांधायचं ठरवलं. परदेशातल्या लोकांनी दान दिलेलं सामान कंटेनर भरून आलं : फरश्या, दारं, खिडक्या, नळ. गल्ली अरुंद, कंटेनर आत शिरेना. सगळ्या वस्तीने सामान डोक्यावर वाहिलं. मावशीने एक बेसिन तान्ह्या पोरासारखं पोटाशी धरून आणलं. गवंडी वस्तीतलाच. त्याची बायको गरोदर, म्हणून त्याने जीव ओतून फरशी बसवली.

खोली तयार झाली आणि दारावर पाटी लागली : ‘अतिथिगृह’.

मावशी तडक मिशनच्या व्यवस्थापकांकडे गेली. “साहेब, पाटी चुकली.”

“चुकली नाही. परदेशातले दाते भेटीला येताहेत. त्यांना उतरायला नीट जागा नको? प्रसूतिगृह पुढच्या टप्प्यात.”

“हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ऐकलं होतं. तुम्ही तर हलवायालाच त्याचे पेढे वाढताय!” मावशी कडाडली. “आणि बायकांनी काय पोटातल्या पोराला सांगायचं, बाबा रे, पुढच्या टप्प्यात ये?”

“मावशी, तुम्हाला नाही कळायचं त्यातलं.”

दाते आले त्याच सकाळी गवंड्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या. शेडमध्ये घोटाभर चिखल. मावशीने तिला धरून थेट नव्या खोलीशी आणलं. किल्ली गवंड्याकडे होती.

“माझं काम जाईल, मावशी,” तो रडवेला झाला.

“काम जाऊ दे नाहीतर बायको. बोल लवकर!”

त्याने दार उघडलं.

व्यवस्थापक पाहुण्यांना घेऊन पोचले, तेव्हा आतून रडण्याचा आवाज येत होता. मावशी दारात आली, कोपरापर्यंत रक्त. “मुलगी झाली. आता हिला कुठे उतरवू, तेवढं सांगा.”

पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी दुभाष्याला खोदून खोदून विचारलं. सगळं कळल्यावर त्यांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी उतरवली, आणि सगळे पाहुणे व्यवस्थापकांच्या बंगल्यावर राहायला गेले.

खोली बायकांना मिळाली. उद्घाटनाच्या भाषणात व्यवस्थापक स्वतःच्या दूरदृष्टीबद्दल बोलत राहिले. मावशीला बसायला खुर्चीही नव्हती. गवंड्याला मात्र मिशनने पुन्हा कधी कामावर बोलावलं नाही. तो आता दूर कुठेतरी कामाला जातो, पोरगी झोपल्यावर घरी येतो.

“तुझं म्हणणं खरं झालं की मावशी, आता तरी खूश?” शेजारीण म्हणाली.

“खूश?” मावशी उसळली. “आपल्याच खोलीत चोरासारखं शिरावं लागलं, वर त्या बिचाऱ्या गवंड्याची भाकरी गेली. खूश कसली होणार!”

बोलता बोलता ती उठली. नव्या खोलीत कोणीतरी कण्हत होतं.