सोमवारची हजेरी

नोकरीतल्या बऱ्याच गुन्ह्यांची मला आता फक्त कलमं आठवतात. हा एक गुन्हा मात्र माणसासकट आठवतो.

सोलापुरात एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. अग्निशमन दलाची लेखी तक्रार आली. नवी पेठेत आग लागल्याचे फोन येत, गाडी धावत जाई आणि आग कुठेच नसे. अशी खोटी वर्दी म्हणजे रिकामटेकड्यांचे उद्योग, म्हणून आम्ही सहसा मनावर घेत नाही. पण एकदा गाडी अशीच नवी पेठेच्या गर्दीत अडकलेली असताना गावाच्या दुसऱ्या टोकाला यंत्रमागाचा कारखाना पेटला. मदत उशिरा पोचली. सूत वाचवायला आत शिरलेल्या विणकराचे दोन्ही हात भाजले. मग मात्र माझं डोकं फिरलं.

प्रत्येक फोन वेगळ्या मोबाइलवरून आलेला. मालकांना बोलावून झापलं, तर सगळ्यांचं उत्तर एकच. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तातडीचा फोन करायचाय म्हणून मोबाइल मागितला, आम्ही दिला. पोलिसाला कुणी इतक्या विश्वासाने काही देत नाही.

खबर दिली नवी पेठेतल्या चहावाल्याने. "साहेब, बंब यायच्या आधीच एक आजोबा हितं हजर असत्यात बघा. रस्त्यातल्या गाड्या बाजूला घ्यायला लावत्यात. लई धडपड करत्यात."

त्याने माणूस दाखवला, मी चौकशीला बोलावला. इस्त्रीचा खाकी शर्ट, चकचकीत बूट. अग्निशमन दलातूनच निवृत्त झालेला फायरमन. पाय दुखत असताना खुर्ची नाकारून बाकावर ताठ बसला.

"मी न्हाय केलं, साहेब. माझ्याकडं मोबाइलच न्हाय. कुणाचा फोन येतोय मला, तवा ठिवू?"

त्याच्या जुन्या बंबखान्यात जाऊन आलो. दारात पितळी घंटा टांगलेली होती. इंग्रजांच्या काळात कुठल्याशा बंदरातल्या बंबखान्यातून ती इकडे आली, असं तिथले लोक सांगत. निवृत्त होणाऱ्याने सगळ्यांसमोर ती एकदा वाजवायची, ही तिथली रीत. याच्या निरोपाला हार आले, पेढे आले आणि ऐन वेळी वर्दी आली. सगळे गाडीवर चढून गेले. मागे राहिलेल्या, त्या वेळच्या टेलिफोन ऑपरेटरने सांगितलं, "त्यांनी रिकाम्या अंगणात घंटा वाजवली, हार स्वतःच गळ्यात घातला आणि घरी गेले." पुढे नवी भरती झाली. त्याला ओळखणारं गाडीवर कुणी उरलं नाही.

मोबाइल देणाऱ्यांनाही चेहरा खात्रीने सांगता येईना; एवढ्याने गुन्हा सिद्ध होत नाही. मी फोनची रेकॉर्डिंग पुन्हा ऐकत बसलो. ज्याच्या घराला खरोखर आग लागते तो ओरडतो, पत्ता विसरतो, फोन आपटतो. हा आवाज मात्र शांत होता. 'मागच्या बोळात तारा खाली आल्यात, मोठी गाडी घालू नका. उतारावर हातगाड्या हायत, सावकाश घ्या.' खोटी आग सांगणारा माणूस खऱ्या गाडीची काळजी करत होता.

ते त्याला ऐकवलं. मग मी विणकराचं सांगितलं. एकदम त्याची मान खाली गेली.

"बोटं हलत्यात का त्याची?"

"एका हाताची."

तो म्हणाला, "मीच केलं, साहेब. बायको गेली. पोरगा पुण्याला. दिवसभर कुणाशी शब्द न्हाय. गाडी आली की पोरं उतरत्यात, म्हणत्यात, काका, कुटं लागलीय? मलाच इचारत्यात की. तेवढ्यासाठी केलं."

मला त्याचा राग आला होता आणि दयाही आली होती. विणकराचे हात आठवले की राग वर यायचा. गुन्हा दाखल केला, पुरावा ठेवला, त्यात हयगय केली नाही. जामीन देताना न्यायालयाने अट घातली, की दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत दर सोमवारी ठाण्यात हजेरी लावायची. आरोपी हजेरी टाळतात, आजारी पडतात, गावी जातात. हा ठाणं झाडून व्हायच्या आत येऊन बसायचा.

दोषारोपपत्र गेलं, हजेरी संपली. पुढच्या सोमवारी तो पुन्हा बाकावर होता. तोच इस्त्रीचा शर्ट. हवालदाराने समजावलं तरी हलेना, म्हणून मी बाहेर आलो. तो उठून उभा राहिला.

"साहेब, हजेरी वाढवून मिळंल का?"

कायद्यात तशी सोय नव्हती. मी चहा मागवला आणि त्याच्याशेजारी बसलो.

आमचे प्रश्न लोकांना नकोसे असतात, असंच मी नोकरीभर धरून चाललो होतो. कुणाला ते हवेही असतात, हे या माणसाने शिकवलं. ते पुरतं कळायला मात्र मला निवृत्त व्हावं लागलं. आता सकाळी फिरताना माझे पाय आपोआप त्याच ठाण्याकडे वळतात. दारावरचा शिपाई नवा आहे, मला ओळखत नाही. "काका, काय काम हाय?" असं विचारतो.

काम काहीच नसतं. पण त्याने विचारलं की बरं वाटतं.